मुलाचा रिलीज अडवून ठेवू का?

ताई, नमस्कार.

कोपरखैरण्यात मी एक लहानसा फुटबॉल क्लब चालवतो. 2017 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अंडर-17 वर्ल्ड कपचे सामने झाले, तेव्हा आमच्या माथाडी वसाहतीतल्या पोरांना बॉलचं वेड लागलं आणि त्यातून क्लब उभा राहिला. नोकरी महापे एमआयडीसीत, सकाळ-संध्याकाळ मैदान. फी ज्याला जमेल त्याने द्यायची. एक मुलगा दहाव्या वर्षापासून माझ्याकडे आहे, आता त्याला सोळा पूर्ण झाली. मधल्या फळीत खेळतो. डोकं वर ठेवून खेळणारा असा पोरगा मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही. वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी. त्यांच्याकडून कधी एक रुपया घेतला नाही, उलट बूट दोनदा क्लबनेच घेऊन दिले.

गेल्या महिन्यात टर्फवरच्या एका स्पर्धेत मुंबईतल्या मोठ्या क्लबच्या माणसाने त्याला पाहिलं आणि परस्पर वडिलांना फोन केला. मला कुणी विचारलंही नाही. सराव अंधेरीला. आता वडील म्हणतात, ‘सर, रिलीज द्या.’ म्हणजे दुसऱ्या क्लबात जायला आमची मंजुरी, ना-हरकत म्हणजेच एनओसी. आमच्या लीगचे चार सामने बाकी आहेत आणि आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात आहोत. समितीत काही जण म्हणतात, एनओसी द्यायचीच नाही. काही म्हणतात, चाळीस हजार घ्या आणि सोडा. एकाने तर सुचवलं की पुढे पोरगा प्रोफेशनल झाला तर कमाईतले वीस टक्के आपले, असं वडिलांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ. मला पैसे नकोत, पण राग येतो. आम्ही काय फुकटची रोपवाटिका आहोत? रविवारी बैठक आहे. अडवू का? आणि क्लबने दिलेले बूट, जर्सी परत मागायची का?

– एक प्रशिक्षक, कोपरखैरणे

*

सर, नमस्कार.

रिलीज द्या. वडिलांकडून चाळीस हजार सोडा, चाळीस रुपयेही घेऊ नका. स्टॅम्प पेपरचा विषय बैठकीत निघाला तर तिथेच मिटवा. एवढं झालं की मग तुमच्या क्लबच्या हक्काचं जे आहे ते मात्र सोडू नका. ते काय आहे आणि कसं मिळवायचं, हे मी खाली सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लहान क्लब तिथेच कमी पडतात. मुलाला धरून ठेवण्यात सगळी ताकद जाते आणि त्याला आपण घडवलं याची नोंद ठेवायची राहून जाते.

आधी तुमच्या रागाबद्दल, कारण तो खरा आहे. सहा वर्षं तुम्ही पहाटे उठून ज्या मुलाला पास कधी द्यायचा आणि कधी थांबायचं हे शिकवलंत, त्याच्याबद्दल तुम्हाला एक फोनसुद्धा न करणं हा उर्मटपणा आहे. मोठ्या क्लबांना याची इतकी सवय झाली आहे की आपण काही चुकीचं करतोय असं त्यांना वाटतही नाही. पण हा उर्मटपणा आहे, नियमभंग नाही, हेही समजून घ्या. करारबद्ध व्यावसायिक खेळाडूशी बोलणी करायची असतील तर त्याच्या क्लबला आधी लेखी कळवावं लागतं, असा फिफाचा नियम आहे. तुमचा मुलगा हौशी खेळाडू. त्याचा तुमच्याशी करारच नाही, तेव्हा त्या क्लबवर तसं बंधनही नव्हतं. तक्रार करून हाती काही लागणार नाही. त्यांच्या सेक्रेटरीला फोन करून, आवाज न चढवता, ‘आम्हाला आधी कळवायला हवं होतं’ हे एक वाक्य मात्र सांगा. ते सांगायलाच हवं. पुढच्या वेळी दुसऱ्या एखाद्या क्लबला तरी फोन जाईल.

आता ‘हौशी’ म्हणजे काय, हे समितीसमोर नीट मांडा. फिफाची व्याख्या सोपी आहे. ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी. टीव्हीवर आपण बदल्यांच्या कोट्यवधींच्या रकमा ऐकतो, त्या अशा कराराच्या असतात. चालू करार मुदतीआधी संपवून खेळाडूला सोडायचं, त्याबद्दल जुन्या क्लबने घेतलेला तो मोबदला. करारच नसेल तर विकायला काय आहे? तुमच्याकडे आहे ती एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएसमधली, म्हणजे त्यांच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीतली नोंद. हा मुलगा या हंगामात या क्लबकडून खेळतो, एवढंच ती सांगते. नवा क्लब बदलीची विनंती टाकेल, तुम्ही ती मंजूर कराल. मैदानावर आपण ज्याला ‘एनओसी’ म्हणतो त्याचा अर्थ एवढाच. त्या मंजुरीला किंमत लावणं म्हणजे रजिस्टर सांभाळणाऱ्याने दाखल्याचे पैसे मागणं.

समितीतल्या ज्यांचं म्हणणं ‘द्यायचीच नाही’ असं आहे, त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. 1990 साली बेल्जियमच्या आरएफसी लिएज या क्लबात जाँ-मार्क बोसमन नावाचा खेळाडू होता. तुमच्या मुलासारखाच मधल्या फळीतला. त्याचा करार संपला. क्लबने नवा देऊ केला, पण पगार आधीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा. त्याने नाही म्हटलं. फ्रान्समधल्या दुसऱ्या श्रेणीतला डंकर्क हा क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण डंकर्ककडून आपली रक्कम वसूल होईल का, अशी लिएजला शंका आली आणि त्यांनी बदलीचं प्रमाणपत्र पुढे जाऊच दिलं नाही. माणूस मधल्या मध्ये अडकला. जुना क्लब खेळवत नाही, नव्या क्लबात जाता येत नाही. तो कोर्टात गेला. निकाल लागला 15 डिसेंबर 1995 ला. करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या देशांच्या दरम्यान बदलीची रक्कम मागता येणार नाही, असं युरोपच्या न्यायालयाने सांगितलं. जगभरचा फुटबॉल त्या निकालाने बदलला. बोसमनला स्वतःला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, तोवर तो एकतीस वर्षांचा झाला होता. त्याची ऐन उमेदीची वर्षं एका अडवलेल्या कागदात गेली.

हे जुनं झालं असं कुणी म्हणालं तर अलीकडचं सांगा. लासाना दियारा हा फ्रान्सचा खेळाडू. मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबशी 2014 मध्ये त्याचा करार वादातून तुटला आणि पुढे बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबला तो हवा असूनही त्याची बदली होऊ शकली नाही. 4 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर फिफाला आपले नियम बदलावे लागले. आता देशादेशांमधल्या बदलीचं प्रमाणपत्र वाद चालू आहे म्हणून अडवता येत नाही, ते 72 तासांत द्यावं लागतं. ज्यांचे करार कोट्यवधींचे आहेत त्यांचाही कागद आज कुणी अडवू शकत नाही. कोपरखैरण्यातल्या सोळा वर्षांच्या बिनपगारी मुलाचा आपण कोणत्या तोंडाने अडवायचा?

आणि अडवून होतं काय, ते आपण दोघंही जाणतो. मी ठाणे आणि नवी मुंबईच्या मैदानांवर बरीच वर्षं संघांचे कागद सांभाळले आहेत. रिलीज अडवलेला मुलगा त्याच क्लबात मन लावून खेळू लागला, असं मी पाहिलेलं नाही. तो सरावाला उशिरा येऊ लागतो, मग येईनासा होतो. रविवारी टर्फवर, जिथे नोंदणी कुणी विचारत नाही, तिथे सामन्यामागे पाचशे-हजार घेऊन कुणाच्याही जर्सीत खेळतो. सिमेंटसारख्या कडक टर्फवर रात्री-अपरात्री खेळून गुडघा दुखावून घेतो. मोठ्या क्लबाला दुसरा मुलगा मिळतो. तुम्हाला तुमचा मिळत नाही. आणि तुमच्याकडे दहा-अकरा वर्षांची जी पोरं आहेत त्यांच्या घरी बातमी पोचते की सरांच्या क्लबात गेलं की अडकतं.

चाळीस हजारांबद्दल आणखी एक. हमालीवर घर चालवणारा माणूस ते पैसे आणणार कुठून? सावकाराकडून, नाहीतर पतपेढीतून उचल घेऊन. ज्याच्याकडून तुम्ही सहा वर्षं फी घेतली नाही त्याला शेवटच्या दिवशी कर्जात ढकलायचं, हे तुमच्याच्याने होणार नाही, म्हणून तर तुम्ही हे पत्र लिहिलंत.

स्टॅम्प पेपर. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही आणि तसा केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, 1903 साली मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवून दिलं आहे. सही वडिलांची घेतली तरी कमाई मुलाची, आणि तीही अजून न झालेली. तो कागद कोर्टात टिकणार नाही. शिवाय खेळाडूच्या बदलीच्या रकमेत क्लब आणि स्वतः खेळाडू सोडून तिसऱ्या कुणाचा वाटा ठेवायला फिफाने मे 2015 पासून बंदी घातली आहे. तेव्हा समितीतल्या कुणाच्या मनात ते वीस टक्के स्वतःच्या नावावर लिहून घ्यायचे असतील, तर तो क्लबलाही खड्ड्यात घालेल.

आता तुमच्या हक्काचं.

एखाद्या खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला की त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळावी, अशी तरतूद फिफाच्या नियमांत आहे. ती दुसऱ्या देशातल्या क्लबाशी झालेल्या करारासाठी. देशातल्या देशात होणाऱ्या बदल्यांसाठीही घडवणाऱ्या क्लबांना मोबदला मिळेल अशी पद्धत ठेवा, असं फिफा प्रत्येक राष्ट्रीय संघटनेला सांगते. ही भरपाई नवा क्लब देतो. खेळाडू देत नाही, त्याचे वडील तर नाहीच नाही. हा फरक समितीला दोनदा सांगा. याखेरीज पुढे कधी तो खेळाडू पैसे मोजून परदेशी क्लबात गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या 0.25 टक्के, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. समजा हा मुलगा बारा ते पंधरा अशी चारही वर्षं तुमच्या नावावर नोंदलेला आहे आणि कधीतरी त्याची एक कोटीची बदली झाली, तर तुमच्या क्लबचा वाटा एक लाख रुपये. त्यात सोळावं वर्षही धरलं तर दीड लाख.

या आशेवर क्लब चालवू नका. आपल्याकडून तिथवर पोचणारे फार थोडे. पण हा पैसा मागायला लागतो तो पुरावा आजच तयार करावा लागतो, दहा वर्षांनी नव्हे. खेळाडूचा जो पासपोर्ट म्हणतात, त्यात त्याच्या बाराव्या वाढदिवसाच्या वर्षापासून तो कोणकोणत्या क्लबात नोंदलेला होता हे लिहिलेलं असतं. त्यात तुमचं नाव नसेल तर तुम्ही त्याला घडवलंत हे फक्त तुम्हाला आणि त्याच्या आईला माहीत.

म्हणून या आठवड्यात बसून एक काम करा. सीआरएसमध्ये या मुलाची दरवर्षीची नोंद तपासा. मला शंका आहे की सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत ती नसेल. आपल्याकडे अनेक लहान क्लब संलग्नतेचे पैसे वाचवायला किंवा लीगमध्ये जागा मिळावी म्हणून आपली मुलं दुसऱ्याच क्लबच्या नावाने उतरवतात. तेव्हा ते सोयीचं वाटतं, पण नोंद त्या दुसऱ्या क्लबची होते आणि हक्कही त्याचाच. त्यात नवी मुंबईत जिल्ह्यांची सरमिसळ. बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, खारघर लागलं की रायगड. मुलगा एका वर्षी इकडच्या संघात, पुढच्या वर्षी मामाकडे कामोठ्याला राहायला गेला म्हणून तिकडच्या, आणि कागद कुणाकडेच धड नाहीत. तुमच्या क्लबची जिल्हा संघटनेशी आणि तिच्यामार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे राज्य संघटनेशी, असलेली संलग्नता चालू आहे ना, हेही बघा. ती खंडित असेल तर आधी ती चालू करा. आता जी बारा वर्षांची मुलं मैदानावर आहेत त्यांची नोंद याच हंगामात, तुमच्याच क्लबच्या नावाने करा. जन्मतारखेत कुणालाही फेरफार करू देऊ नका. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात, आणि तिथे बाद झालेल्या मुलाचं नुकसान कुणी भरून देत नाही.

फुकटची रोपवाटिका म्हणालात. फुकटची राहायची नसेल तर एवढी वही ठेवावीच लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते तुमच्याखेरीज कुणी करणार नाही. रिलीज देण्याआधी वडिलांना भेटा. क्लबच्या कार्यालयात बोलावू नका, त्यांच्या घरी जा, मुलाची आईही समोर असू द्या. त्या माणसाला मोठ्या क्लबचं नाव कळलं आहे, बाकी काही कळलेलं नाही. फुटबॉल तुम्हाला कळतो. या घराला आज तुमच्याइतका जाणकार दुसरा कुणी नाही, आणि तुम्ही रुसून बसलात तर त्यांना सल्ला देणारा उरतो फक्त तो फोन करणारा माणूस.

पहिलं विचारा, मुलाला कुठल्या संघासाठी घेत आहेत? मुख्य संघ, राखीव, की अंडर-17? त्या जागेवर आधीच किती जण आहेत? सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलाची वाढ सामने खेळून होते. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून वर्ष घालवलेला मुलगा आणि लहान क्लबात दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळलेला मुलगा, यांत वर्षअखेर पुढे कोण असतो हे तुम्ही अनेकदा पाहिलं असेल. ते त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. सांगूनही त्यांनी जायचं ठरवलं तर जाऊ द्या.

दुसरं, अंधेरी. कोपरखैरण्याहून ठाण्याला, तिथून घाटकोपर, मग मेट्रो. नाहीतर वाशीला जाऊन हार्बरने. कसंही गेलं तरी घरापासून मैदानापर्यंत दीड-पावणेदोन तास, आणि तेवढेच परत. आठवड्यातून किती दिवस? सराव कितीला सुटतो? अकरावीचं कॉलेज कसं सांभाळणार? गाडीभाडं कोण देणार? मला या प्रश्नाची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्या पट्ट्यातली अनेक गुणी मुलं पायाने नाही, लोकलने दमून खेळ सोडतात. क्लब प्रवासखर्च देत असेल तर तो घ्यायला हरकत नाही, हौशी खेळाडूला खर्चाची भरपाई घेता येते.

तिसरं, क्लब फी घेणार आहे का? खेळाडू हवा म्हणून फोन करणारा क्लब महिन्याला काही हजार फी, किटचे वेगळे, स्पर्धेचे वेगळे असं सांगू लागला तर त्याला खेळाडू नको, ग्राहक हवा आहे. तुमच्या शेजारीच घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे. तिथे निवडलेल्या मुलांचं राहणं, शिक्षण, प्रशिक्षण पूर्ण शिष्यवृत्तीवर होतं. ज्यांना मुलगा खरोखर हवा असतो ते खर्च करतात, हे वडिलांना या उदाहरणावरून लगेच कळेल.

चौथं, तो फोन करणारा माणूस कोण? क्लबचा पदाधिकारी, की मधला? ‘मीच जमवून दिलं, इथे एक सही करा’ असं कुणी म्हणत असेल तर सही करायची नाही. फुटबॉल एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. परवाना असला तरी अल्पवयीन मुलाशी पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्याला बोलताही येत नाही. आणि कायद्याने पहिला व्यावसायिक करार ज्या वयात करता येतो, त्याच्या सहा महिन्यांहून आधी तर संपर्कच करता येत नाही. आधार कार्ड, जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती कुणाच्याही हाती द्यायच्या नाहीत, झेरॉक्स द्यायची. हे आईला सांगा, कागद घरात तीच जपत असणार.

पाचवं, नियमाचं. एका हंगामात खेळाडूला जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी करता येते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात, हे फिफाचं सूत्र. या हंगामात तो तुमच्याकडून खेळला आहे. उद्या नव्या क्लबकडून एक सामना खेळला आणि तिथे जमलं नाही, तर तिसरीकडे खेळायचा रस्ता या हंगामापुरता बंद. म्हणून घाई नको, हे वडिलांना पटवा. शाळा-कॉलेजच्या स्पर्धा, सुब्रतो कपसारख्या, क्रीडा खात्यामार्फत होतात आणि क्लबची नोंदणी त्यापासून वेगळी असते. तिथे तो खेळत असेल तर खेळत राहू द्या. त्याची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवायला सांगा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि माथाडीच्या घरात त्या फाइलची किंमत मोठी आहे.

शिक्षण सोडायचं नाही, हे मात्र कडक शब्दांत सांगा. या देशातल्या वरच्या फुटबॉलचीसुद्धा आज शाश्वती नाही. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वांत वरच्या लीगचा, पुढचा हंगामच स्थगित झाला. पाठोपाठ काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशाकडून खेळलेले लोक घरी बसून वाट पाहत होते. बारावी झालेला मुलगा अशा वेळी काहीतरी करू शकतो.

हे सगळं बोलून झाल्यावर चार सामन्यांचा विषय काढा, आधी नाही. आधी काढलात तर बाकीचं सगळं त्या चार सामन्यांसाठीच बोलला असं वाटेल. वडिलांना आणि नव्या क्लबाला, दोघांनाही विनंती करा की लीग संपेपर्यंत मुलगा इथे खेळेल आणि शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी रिलीज मंजूर होईल. तुमचं हे म्हणणं तारखेसकट क्लबच्या लेटरहेडवर लिहून वडिलांच्या हातात द्या, म्हणजे तुम्ही टोलवाटोलवी करताय असा संशय राहणार नाही. बहुतेक वेळा मान्य होतं, कारण हंगामाच्या शेवटी नव्या क्लबालाही घाई नसते. त्यांनी नाही म्हटलं, तर रिलीज लगेच द्या. खालच्या डिव्हिजनमध्ये गेलात तरी क्लब मोडत नाही. एका सोळा वर्षांच्या मुलावर अख्खा क्लब तगवायचं ओझं आपण टाकलं, ही त्याच्यावरची जबरदस्ती होती, हे मात्र समितीने मनावर घ्यायला हवं.

नव्या क्लबकडे मागायचंच असेल तर पैसे मागू नका. तुमच्या मैदानावर त्यांच्या अंडर-15 संघाने येऊन मित्रत्वाचा सामना खेळावा, जमलं तर काही बॉल द्यावेत, त्यांच्या प्रशिक्षकाने तुमच्या पोरांना एक सकाळ द्यावी. ही विनंती आहे, रिलीजची अट नाही, असं पत्रात स्पष्ट लिहा. मी असे सामने झालेले पाहिले आहेत आणि त्यातून पुढची मुलंही निवडली गेली आहेत. आणि पुढच्या वेळी फोन आधी तुम्हाला येतो.

बाकीच्या मुलांना ही बातमी तुमच्याकडूनच कळू द्या, तीही मैदानावर, तो समोर उभा असताना. तो कुठे चालला आहे, का, आणि त्याच्या जागी उद्यापासून कोण खेळणार आहे. तिसरी गोष्ट सांगायला विसरू नका. मधल्या फळीत त्याच्यामागे दोन वर्षं बाकावर बसलेला कुणीतरी मुलगा असेलच, त्याचं नाव त्या दिवशी सगळ्यांसमोर घ्या. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात या दुसऱ्या मुलाचा उल्लेख नाही.

परत यायचं झालं तर दार उघडं आहे, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगा. अंधेरीच्या प्रवासाला कंटाळून किंवा बाकावर बसून कुजून अनेक मुलं वर्षभरात परत यायला बघतात, आणि जुन्या सरांना तोंड कसं दाखवायचं म्हणून येत नाहीत. तशातलीच बरीच मुलं खेळ सोडतात.

बूट आणि जर्सी. जर्सी क्लबच्या सामानाच्या यादीत असते, ती परत घ्या, इतर मुलांकडून घेता तशीच, वहीत सही करून. बूट मागू नका. ते त्याच्या पायाला बसलेले आहेत, आणि पुढच्या महिन्यात त्याला नव्या मैदानावर ट्रायलच्या पहिल्या दिवशी तेच घालून उतरायचं आहे.

रविवारच्या बैठकीत ‘द्यायचीच नाही’वाले आवाज चढवतील. त्यांना मत मांडू द्या, मग सीआरएसच्या नोंदींचा कागद टेबलावर ठेवा आणि विचारा, आपल्या क्लबात आज बारा वर्षांची किती मुलं आहेत आणि त्यातल्या किती जणांची नोंद आपल्या नावावर आहे? बैठकीचा उरलेला वेळ त्या यादीला द्या. नोंदणीची जबाबदारी कुणा एकाकडे, नावानिशी, त्याच दिवशी सोपवा.